यवनांचे बंदर आणि आमची उल्हास नदी

समुद्रपार जाऊन प्राचीन नगरे पाहून आलेल्या गृहस्थांची प्रवासवर्णने वाचकांनी पुष्कळ वाचली असतील. आम्ही आज जी हकीकत सांगणार आहोत ती त्यांहून फार लहान प्रवासाची आहे. कर्जतजवळच्या आमच्या भिसेगावाहून खाली कल्याणच्या खाडीपर्यंत आणि वर घाट चढून कार्ल्याच्या लेण्यांपर्यंत, एवढाच हा प्रवास. आणि तोही तीन फेऱ्यांत मिळून पुरा झाला. तथापि ग्रीकांचे बंदर व त्या बंदराचा मुलूख आम्ही पाहून आलो, असे म्हणण्यास आम्हांस संकोच वाटत नाही. ते कसे, हे सांगण्यापूर्वी प्रवासाचे निमित्त सांगितले पाहिजे. कारण ते घरगुती असले तरी आजकाल घरोघरी घडणारे आहे.

आमचे वडीलबंधू, ज्यांस घरातील लहानथोर सर्व दादा म्हणतात, त्यांचा धाकटा चिरंजीव व्यापारी जहाजावर अधिकारी आहे. घरी त्यास बाळ म्हणतात. गेल्या दिवाळीनंतर त्याचे पिरिअसहून पत्र आले. एरवी फोनवर चार शब्द बोलणाऱ्या या मुलाने चांगले सात पृष्ठांचे पत्र धाडले, तेव्हाच आमच्या वहिनींस काहीतरी विशेष आहे अशी शंका आली होती. पत्राचा पूर्वार्ध मोठा वाचनीय होता. पिरिअस हे अथेन्सचे बंदर. थेमिस्टोक्लीसने इ. स. पूर्व ४९३ च्या सुमारास त्याची तटबंदी आरंभिली, मिलेटसच्या हिप्पोडेमसने त्याचे रस्ते काटकोनात आखले, आणि इ. स. पूर्व ८६ मध्ये रोमन सेनानी सुल्ला याने ते जाळून टाकले. बंदराबाहेर पडताच समोर सॅलॅमिसचे बेट दिसते. तेथील सामुद्रधुनीत ग्रीकांनी इ. स. पूर्व ४८० मध्ये इराणी आरमाराचा पराभव केला. तेथील संग्रहालयात ब्राँझचा एक अपोलो उभा आहे; इ. स. १९५९ मध्ये एका रस्त्याखाली खोदकाम चालले असता तो मजुरांस सापडला.

परंतु आमच्या मनात भरली ती एका सिंहाची गोष्ट. पिरिअसच्या धक्क्यावर पूर्वी एक भव्य संगमरवरी सिंह बसलेला असे. त्यावरून इटालियन खलाशी त्या बंदरास सिंहबंदरच म्हणत. इ. स. १६८७ च्या युद्धात व्हेनिसच्या मोरोसिनीने तो उचलून नेला, आणि आज तो व्हेनिसच्या जुन्या आरमारी गोदीपुढे आहे. या सिंहाच्या खांद्यांवर अकराव्या शतकात कोणी उत्तरेकडील स्कँडिनेव्हियन योद्ध्यांनी आपल्या रून लिपीत लेख कोरून ठेवले आहेत. बाळने लिहिले होते की, हजारो कोसांवरून आलेल्या माणसासही परक्या बंदरात आपले नाव मागे ठेवावेसे वाटते, याचे त्यास फार नवल वाटले.

पत्राच्या उत्तरार्धात खरा मजकूर होता. पिरिअसच्या एका जहाज कंपनीच्या कचेरीत त्यास किनाऱ्यावरची नोकरी मिळत होती. ती पत्करून तेथेच बिऱ्हाड करावे असा त्याचा विचार होता, आणि त्याने वडिलांची अनुज्ञा मागितली होती.

दादांनी पत्र घडी करून पंचांगाखाली ठेवले. आठ दिवस गेले, पंधरा दिवस गेले, उत्तर जाईना. वहिनींनी विचारण्याचे सोडून दिले. आमच्या काकू, ज्या आता चौऱ्यांशी वर्षांच्या आहेत व ज्यांस सर्व माई म्हणतात, त्या मात्र रोज एकदा म्हणत, “यवनांच्या मुलखात पोराला ओळखणार कोण? नाव तरी नीट घेतील का त्याचे?”

एका सायंकाळी दादा बाळची पत्रिका उलगडून बसलेले आम्ही पाहिले. दादा गणिताचे सेवानिवृत्त शिक्षक असून ज्योतिषाचा त्यांचा व्यासंग जुना आहे. परदेशगमनासाठी ते नवमस्थान व व्ययस्थान पाहत होते. आम्ही जवळ बसून विचारले, “दादा, या दोन्ही स्थानांना शास्त्रात काय म्हणतात?” ते म्हणाले, “आपोक्लिम. एवढेही ठाऊक नाही तुला?” तेव्हा आम्ही म्हणालो की आपोक्लिम हा शब्द ग्रीक आहे. केंद्र ग्रीक, पणफर ग्रीक, सप्तमाचे नाव जामित्र तेही ग्रीक, आणि होराही ग्रीकच. वराहमिहिराने सहाव्या शतकात स्पष्ट लिहून ठेवले आहे की यवन हे म्लेंच्छ खरे, परंतु हे शास्त्र त्यांच्यात उत्तम प्रकारे नांदत असल्याने तेही ऋषींप्रमाणे पूजिले जातात. दादांस वराहमिहिर ठाऊक होताच. ते किंचित हसले व म्हणाले, “म्हणजे पोरगा तिकडे जाण्याआधी तेच इकडे येऊन गेले म्हणायचे.” आम्ही म्हणालो, “ते कोठे आले, हे एकदा पाहूनच येऊ या.” याप्रमाणे आमचा प्रवास ठरला.

येथे यवन या शब्दाविषयी दोन शब्द लिहिणे इष्ट होईल. पुढील काळात आपण तो मुसलमानांस लावू लागलो. परंतु मूळचा यवन म्हणजे आयोनियाचा रहिवासी, अर्थात ग्रीक. इराणी लोक त्यास यौन म्हणत, आपल्या प्राकृतात तो योन झाला, आणि अशोकाच्या शिलालेखांत तो याच नावाने आला आहे. रोमन साम्राज्याच्या काळी मिसर देशातून आपल्या किनाऱ्यास येणारे व्यापारी बहुधा ग्रीकभाषी असत. म्हणून त्या सर्वांसही आपले लोक यवनच म्हणत.

पहिली फेरी कल्याणची. मार्गशीर्षातील एका सकाळी माईंसह आम्ही पाचजण कर्जतहून लोकलगाडीत बसलो. ज्या उल्हास नदीच्या काठी आमचे लहानपण गेले, ती राजमाचीच्या डोंगरांत उगम पावून कर्जतजवळून खाली उतरते आणि कल्याणास खाडीला मिळते. आगगाडीही बहुतेक तिच्याच खोऱ्याने जाते. जन्मभर या गाडीने मुंबईस ये-जा केली, परंतु आपण एका प्राचीन बंदराच्या वाटेने चाललो आहोत हा विचार त्या दिवशी प्रथमच मनात आला.

कल्याणास दुर्गाडी किल्ल्याच्या टेकाडावर उभे राहिले म्हणजे खाली खाडी दिसते. भरतीचे पाणी अजूनही येते व जाते. पूल, वाहने आणि चहूंकडे वाढलेल्या इमारती यांच्या गर्दीत ते पाणी मोठे संकोचून वाहत असल्यासारखे भासते. ग्रीकांच्या काळची एकही भिंत येथे उभी नाही. शिवाजीमहाराजांनी इ. स. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतल्यावर मराठ्यांच्या आरमाराचा पाया येथेच घातला, एवढे बहुतेकांस ठाऊक असते. त्याच्याही सोळाशे वर्षे आधी हे बंदर परक्यांच्या पुस्तकात नोंदले गेले होते, हे थोड्यांस ठाऊक असते.

ते पुस्तक म्हणजे इ. स. च्या पहिल्या शतकात मिसर देशातील कोणा अनाम ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेले ‘एरिथ्रियन समुद्राचा पेरिप्लस’, म्हणजे अरबी समुद्र व त्याच्या आसपासच्या सागरांचा वाटाड्या. काव्य वा तत्त्वज्ञान यांचा त्यात लवलेश नाही. कोठे खडक आहेत, कोठे नांगर टाकावा, कोणता माल खपतो, एवढेच तो व्यापारी सांगतो. जुलैच्या सुमारास मिसरहून निघावे, नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याने भर समुद्रातून हिंदुस्थानचा किनारा गाठावा, आणि पुढे वारा उलटला म्हणजे हिवाळ्यात परत फिरावे, असा या लोकांचा क्रम असे. आमच्या शेतकऱ्यास भाताची लावणी करावयास लावणारा वाराच त्यांची जहाजे हाकीत होता! स्ट्रेबो नावाच्या ग्रीक भूगोलकाराने म्युऑस हॉर्मॉस या एकाच बंदरातून वर्षाला १२० जहाजे हिंदुस्थानकडे जात असे नमूद केले आहे.

पेरिप्लसकार भडोचच्या बाजारात खपणाऱ्या मालाची यादी देतो. इटलीचे मद्य, तांबे, कथील, शिसे, पोवळी, काच आणि सोन्यारुप्याची नाणी इकडे येत. हस्तिदंत, अकीक, सुती व रेशमी वस्त्रे आणि पिंपळी तिकडे जात. पैठण व तगर, म्हणजे आजचे तेर, येथून हा माल गाड्यांवर घालून बिकट वाटांनी समुद्राकडे आणीत. आम्ही हे सांगत असता वहिनी म्हणाल्या, “पिंपळी म्हणजे आपल्या काढ्यातली?” तीच! आमच्या फडताळातील डबीत असलेली पिंपळी एके काळी रोमच्या श्रीमंतांच्या पाकशाळेत जात होती, हे ऐकून वहिनींस पत्र आल्यापासून प्रथमच हसू आले.

कल्याणविषयी तो काय म्हणतो? सोपारा आणि कल्लिएना ही बंदरे सांगून तो लिहितो की, थोरल्या सारगनसच्या वेळी कल्लिएना हे रीतसर मान्यता असलेले व्यापारी बंदर होते. परंतु सांदरेस याच्या हाती ते गेल्यापासून तेथील व्यापारास मोठा अडथळा झाला असून, चुकून तेथे आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जातात. सारगनस म्हणजे सातकर्णी, असे विद्वान मानतात. त्या काळी सातवाहन व क्षहरात क्षत्रप यांचे कोकणच्या किनाऱ्यावरून वैर पेटले होते, आणि त्यात व्यापाऱ्यांची गळचेपी झाली. याच क्षत्रपांपैकी नहपान याच्या रुप्याच्या नाण्यांवर ब्राह्मी व खरोष्ठी यांच्या जोडीस ग्रीक अक्षरे आहेत. नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी येथे इ. स. १९०६ मध्ये अशी तेरा हजारांहून अधिक नाणी सापडली. त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर विजयी गौतमीपुत्र सातकर्णीने आपली मुद्रा पुन्हा उमटविली आहे. आपण रोज उच्चारतो तो ‘दाम’ शब्दही ग्रीकांच्या द्राख्मेवरूनच आला.

बंदर पुढे पुन्हा नांदू लागले. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाचा कॉस्मस कल्लियानाची गणना हिंदुस्थानच्या मोठ्या बाजारपेठांत करतो, आणि इराणहून नेमलेला ख्रिस्ती धर्मगुरू तेथे असल्याचे सांगतो. याच कल्याणात इ. स. १८६५ मध्ये आनंदीबाई जोशी जन्मल्या, हेही आम्ही माईंस सांगितले. समुद्र ओलांडणे हे पातक समजले जात असता, इ. स. १८८३ मध्ये ही अठरा वर्षांची मुलगी अमेरिकेस गेली आणि इ. स. १८८६ मध्ये डॉक्टर झाली. माई खाडीकडे पाहत म्हणाल्या, “गेली खरी; पण ती परत आली.” आनंदीबाई परतल्या त्या क्षयाने जर्जर होऊन, आणि इ. स. १८८७ मध्ये पुण्यास वारल्या. हे माईंसही ठाऊक होते. पुढे कोणी काही बोलले नाही.

दुसरी फेरी कोंढाण्याच्या लेण्यांची. कर्जतहून कोंडिवड्यापर्यंत गाडीने जाऊन पुढे रानवाटेने चढावे लागते. पावसाळ्यात या लेण्यांच्या कपाळावरून धबधबा कोसळतो. मार्गशीर्षात खडक कोरडा होता व रानात शांतता होती. आमच्या उल्हासचे हे माहेर. इ. स. पूर्व पहिल्या शतकाच्या सुमारास कोरलेल्या येथील चैत्याच्या दर्शनी भागावर लाकडी कमानी, जाळ्या व सज्जे यांची हुबेहूब नक्कल दगडात उतरविली आहे. तेथे ब्राह्मी अक्षरांत एक ओळ आहे. तिचा अर्थ, कण्हाचा शिष्य बलक याने हे केले, असा होतो. दादांनी शिक्षकी पेशात जन्म घालविला असल्याने शिष्याने गुरूचे नाव आपल्या नावाआधी घातलेले पाहून ते बराच वेळ तेथून हलले नाहीत.

या ओसाड रानात एवढी कारागिरी कोणासाठी, असा प्रश्न कोणासही पडेल. वर राजमाची आणि बोरघाट, खाली नदी आणि कल्याण. मधल्या या वाटेने तांडे चढत व उतरत. घाटमाथ्यावर पोहोचण्याआधी विसाव्यास भिक्षूंचा विहार मिळे, आणि सुखरूप पोहोचलेला व्यापारी यथाशक्ति दान करी. आपण जेथे केवळ डोंगर पाहतो, तेथे हा एक सबंध राजमार्ग होता. इ. स. १८६३ मध्ये आगगाडी बोरघाट चढली, तीही याच जुन्या वाटेच्या शेजारून.

तिसरी फेरी कार्ल्याची. माईंस चढ सोसणार नाही म्हणून त्या घरी राहिल्या. दादा, वहिनी व आम्ही असे तिघेच आगगाडीने घाट चढून लोणावळ्यास उतरलो. एकवीरेच्या दर्शनास कोळीबांधवांची दाटी होती. देवीस नमस्कार करून आम्ही शेजारच्या चैत्यगृहात शिरलो. बाहेर चार सिंहांचा स्तंभ उभा आहे. तो गोतीपुत्र अग्निमित्रणक नावाच्या महारठीने दिला. आत सुमारे १२४ फूट लांबीचे ते दालन, ३७ स्तंभ, आणि वर दोन हजार वर्षांच्या खऱ्या सागवानी फासळ्या! दर्शनी कमानीतून येणारा उजेड थेट स्तूपावर पडत होता. वैजयंतीच्या, म्हणजे कर्नाटकातील बनवासीच्या, भूतपाल नावाच्या शेठजीने हे शैलगृह जंबुद्वीपात सर्वोत्तम असल्याचे कोरून ठेवले आहे. त्याची ही बढाई आम्हांस मुळीच अनाठायी वाटली नाही.

हे दालन कोणा एका राजाने बांधले नाही. सुगंधी द्रव्ये विकणारा गांधिक, दार घडविणारा सुतार, भिक्षुणी, गृहस्थ अशा अनेकांनी थोडे थोडे देऊन ते उभारले, आणि ज्याने जे दिले ते त्याच्या नावाने कोरले गेले. नहपानाचा जावई उषवदात याने येथील भिक्षूंस करजिक गाव दिले. पुढे त्याच कुळाचा उच्छेद करणाऱ्या गौतमीपुत्राने ते गाव भिक्षूंकडेच राहू दिले. बंदरासाठी लढणारे दोन्ही पक्ष येथे दाते म्हणूनच उरले आहेत.

आम्ही जे पाहावयास आलो होतो ते मात्र एका स्तंभावर होते. लेखाचे छापील वाचन आम्ही बरोबर आणले होते. अक्षरे बोटाने न शिवता, एकेक जुळवून, दादांनी ती वाचली. सारे पाच शब्द. धेनुकाकटाहून, यवनाचे, सिंहध्वजाचे, स्तंभ, दान. दुसऱ्या स्तंभांवर यशोवर्धन नावाचा यवन आहे, तसेच आणखीही यवन आहेत. जुन्नरच्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनाने पाण्याची टाकी दिली, चिट नावाच्या यवनाने भोजनमंडप दिला. धेनुकाकट नेमके कोठे, याविषयी विद्वानांत एकमत नाही. नावे आपल्याकडची असल्यामुळे हे खरेच ग्रीक होते की यवनांच्या वसाहतीत राहणारे एतद्देशीय होते, असाही वाद आहे. आम्हांस स्वतःस पहिला पक्ष अधिक संभवनीय वाटतो. येथे वसलेल्या परक्याने येथले नाव घ्यावे, हे स्वाभाविक आहे. आणि जो मुळात येथलाच, त्याने आपणास यवन म्हणवून घेण्याचे कारण काय?

दादा स्तंभापाशी उभे होते. थोड्या वेळाने ते म्हणाले, “नाव बदलले याने, पण यवन हा शब्द सोडला नाही.” वहिनी म्हणाल्या, “आणि कोरणाऱ्यानेही तो गाळला नाही.” आमच्या मते या सबंध प्रवासाचे सार वहिनींच्या या एका वाक्यात आले. या माणसाचे आईबाप दूर कोठे तरी त्याची वाट पाहत राहिले असतील. त्यांस हे कधीच कळले नसेल की, आपला मुलगा जेथे गेला तेथल्या लोकांनी त्याचे दान घेतले, त्याची ओळख विचारली, आणि ती ओळख आपल्या सर्वांत सुंदर वास्तूत, आपल्याच माणसांच्या नावांशेजारी, त्याच मापाच्या अक्षरांत कोरली. राजे बदलले, खाडी गाळाने भरली, बंदराची भिंतही उरली नाही. त्या परक्याचा स्तंभ मात्र आजही छताखाली उभा आहे.

घरी आल्यावर माईंनी विचारले, “सापडला का तुमचा यवन?” दादांनी पाचही शब्द म्हणून दाखविले व अर्थ सांगितला. माईंनी ते पुन्हा एकदा म्हणावयास लावले. मग म्हणाल्या, “म्हणजे आपल्या लोकांनी त्याला नाव विचारले होते तर! बरे केले.” आणि थोडे थांबून, “बाळलाही कोणी तरी विचारीलच.”

त्याच रात्री पंचांगाखालचे पत्र बाहेर आले. दादांनी उत्तर लिहिले ते आम्ही वाचले नाही. पाकिटात स्तंभाचे एक छायाचित्र घालण्यास त्यांनी दिले, त्याच्या पाठीवरचा मजकूर मात्र दिसला. तेथे त्यांनी लेखाचे पाच शब्द उतरवून खाली लिहिले होते: “जेथे राहशील तेथे काही देऊन राहा. नावापुढे भिसेगाव लिहिण्यास विसरू नकोस.”

वहिनींनी त्या पाकिटाबरोबर एक लहानशी पुरचुंडीही बाळच्या एका परतणाऱ्या मित्राच्या हाती दिली आहे. तीत पिंपळी आहे. पिरिअसला थंडी बरीच पडते म्हणतात.